खंडेनवमीला पूजेत बसलेल्या लिंका

मी मूळचा सांगोल्याकडचा, मेंढरामागचा. आमच्या घरात लोखंड म्हनलं तर दोनच, एक कुऱ्हाड आन एक लोकर कातरायची कातर, तेवढ्यावर आज्याचा जलम गेला. मला मातूर लहानपनापास्नं गाडीचा नाद, रस्त्याला ट्रक बंद पडला की मी त्या ट्रकखाली आन मेंढरं कुनाच्या तरी ज्वारीत, मग शिव्या काय विचारू नका. शेवटी आईच म्हनली, ह्याला सोलापुरात गॅरेजला टाका, हितं राहिला तर गाव आपल्याला हाकलून लावल. तसा आलो, बारा वर्सं दुसऱ्याच्या हाताखाली काडली आन मग अक्कलकोट रोडला सोताचं पत्र्याचं शेड मारलं. आता माझी साठी आली. आन आई, काय सांगू तुमाला, आई अजून टनटनीत हाय, ऐंशीच्या वरची, दारात खुर्ची टाकून बसती आन येनाऱ्या एकेका गाडीला नावं ठिवती.

माझा एक सभाव हाय, वाईट म्हना की काय म्हना. माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागल्याला मला चालत न्हाय. गिऱ्हाईक नुस्तं वाकून बघाय लागलं तरी मी म्हन्तो, सायब, तितं बाकड्यावर बसा, च्या घ्या. बायको म्हन्ती, तुमी चपातीसुदिक मला नीट लाटू देत न्हाय. ते खरं हाय.

तर एक जीप आली. जुळे सोलापुरातल्या मेघना मॅडम, शाळेत गनित शिकिवत्यात, त्यांच्या वडलांची जीप. वडील आयुष्यभर ती घेऊन डोंगरं चढले, आता गुडघं गेलं, क्लच दाबवत न्हाय. घरात ठरलं, इकून टाकायची, घेनाराबी ठरला. मॅडम म्हनल्या, इकू नका, मी चालिवते. वडील हसले म्हनं, आन म्हनले, दसऱ्याला आपला जीपवाल्यांचा जथा बार्शीकडच्या टेकडीला जातोय, तू वरपतुर चढवून दाव, गाडी तुजी. न्हाई चढली तर एकादशीला घेनारा येतोय.

आता ह्ये तुमाला सांगाय पायजे, न्हाईतर कळायचं न्हाय. डोंगरात जानाऱ्या जीपला फुडं एक वाकडी दांडी असती, ह्या चाकापास्नं त्या चाकापतुर, ती दोनी चाकांना एकमेकात बांधून ठिवती, म्हंजे डांबरी रस्त्याला वळनावर गाडी कलत न्हाय. पन दगडात तीच दांडी आडवी येती, एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्यालाबी वर वडती, आन मग ते चाक नुस्तं हवेत फिरतं. म्हनून दांडीच्या दोनी टोकाला एकेक लिंक, वीतभर लोखंडी कांडीच की, तिची पिन हातानं वडली की दांडी सुटली, चाकं मोकळी. घरला येताना पिन परत घालायची, झालं.

मॅडमच्या जीपच्या दोनी लिंका झिजल्याल्या. रबरी बुशाचा, म्हंजे मधल्या गादीचा, पार चुरा, पिनंची भोकं लांबट झाल्याली, आन डावी पिन तर अशी गंजून बसल्याली की सुटंचना. जीप दारात आली तवाच आई खुर्चीवरनं म्हनली, ही फुडच्या डाव्या पायानं लंगडतीय बग. जन्मभर मेंढरं वळल्याली बाई, तिला टक्क टक्क ऐकूनच कळलं. मी म्हनलं, मॅडम, लिंका बदलाय पायजेत, मागवू, दसऱ्याच्या आत मी बसवून देतो. माझा शब्द म्हनलं.

पार्सल लई लांबलं. यायचं व्हतं सप्तमीला, आलं थेट खंडेनवमीला सकाळी. मला वाटल्यालं, पूजेच्या आदी बसवून टाकू. पन मी झेंडू आनाय मंडईत गेल्यालो, तेवढ्यात ते पार्सल आईच्या हातात पडलं. परत येतो तर काय, पाटावर सगळे पाने, हातोडे, जॅक, समदं मांडल्यालं, पूजा झाल्याली, उदबत्तीचा धूर, आन बरोबर मधोमध त्या दोन नव्या चकचकीत लिंका, हळदीकुकवाची बोटं वडल्याल्या. आई म्हनली, नवं हत्यार आलंय रं बिरू, त्येला मानाची जागा दिली.

झाली का पंचाईत! आमच्यात एकदा हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याचा दिवस उगवून उत्तरपूजा झाल्याबिगर हलवायचं न्हाय. आज्यानं कातर हलिवली न्हाय, बानं हलिवली न्हाय. आन मॅडमचा जथा निघनार पहाटं, दिस उगवायच्या आदी.

दुपारी मॅडम आल्या, खुशीत, पेढं घेऊन. मी खाली मान घालून समदं सांगितलं. त्या जीपच्या बॉनेटवर हात ठिवून हुब्या ऱ्हायल्या, आन डोळ्यांत पानी. मला मेल्याहून मेल्यागत झालं. एकीकडं माझा शब्द, एकीकडं आईची पूजा. मी जन्मात आईची पूजा मोडली नव्हती.

आईनं ते बघितलं. म्हनली, पोरी, रडतीस कशाला, त्या कांड्या कुनाच्या? मॅडम म्हनल्या, माझ्या, आजी. आईनं कपाळाला हात लावला. अगं बया, म्हंजे मी दुसऱ्याची वस्तू आपल्या पूजेत बसिवली व्हय! तशी उठली, पाटाला हात जोडले, म्हनली, देवा, चूक माझी, जिची तिला देते. पन पूजेतली वस्तू बाईमानसाला नुस्ती हातात कशी द्यायची? मॅडमच्या अंगावर प्यांट आन शर्ट, पदर कुटला? आईनं माझा धुतल्याला पंचा वडला, त्यांच्या खांद्यावरनं घातला, त्येचाच पदर पुढं धरायला लावला, आन त्येच्यात तांदूळ, नारळ, खन आन त्या दोन लोखंडी लिंका घालून रीतसर वटी भरली. मॅडम रडता रडता हसाय लागल्या.

मी म्हनलं, आई, पन पाने तर पूजेत हायत. ती म्हनली, ते आपले, ते ऱ्हातील. मॅडम म्हनल्या, माझ्या जीपमदी पाने हायत. मी लगीच बाह्या वर केल्या, तर आईनं डोळं वटारलं. तू कुटं निगालास? तुजं हातबी हत्यारच हायत की, तेबी आज पूजेला बसल्यात. तिची गाडी, तिचे पाने, तिनंच करावं. तू बाकड्यावर बस आन तोंडानं सांग.

काय हाल झाले सांगू माझे! मी दोनी हात मांडीखाली दाबून बसलो. मॅडम जीपखाली उताण्या, निस्ते पाय भायेर. मी म्हन्तो, उलटं नगं, डावीकडं फिरवा, त्या म्हन्त्यात, काका, तुमची डावी का माझी डावी? गंजल्याल्या पिनंला तेल सोडलं, पन ठोकाय हातोडा पूजेत. आई म्हनली, दगड घे की, दगड काय पूजेत न्हाय. त्यांनी दगडानं ठोकून ठोकून पिन काडली आन वराडल्या, निघाली! नव्या लिंका मी नजरंनं सारख्या केल्या असत्या, ह्यांनी टेप लावून मापल्या, दोनी बाजू एका लांबीच्या, शेवटी गनिताची बाई. जॅक मी लावूच दिला न्हाय, लिंक गाडी चाकावर हुबी असतानाच बसवायची असती, न्हाईतर बुश पिळवटतं. डावी बसली. उजवीची पिन बोटभर अडली, काय केल्या भोकात जाईना. मी म्हनलं, तिकडचा कोपरा दाबाय पायजे, हात लावू का? आई म्हनली, खबरदार. आन सोता जाऊन त्या बंपरवर फतकल मारून बसली. कोपरा दबला, पिन खट्ट दिशी आत. आमी तिघंबी असं हसलो की शेजारचा टायरवाला पळत आला.

दिस मावळायच्या आत मॅडमनी जीप रस्त्याला फिरवून आनली. टक्क न्हाय की टुक्क न्हाय.

दसऱ्याला संध्याकाळी जीप दारात, सगळी चिखलानं बरबटल्याली. वडील शेजारी बसल्याले. मॅडम खाली उडी मारून म्हनल्या, काका, पायथ्याला पिना मी सोताच्या हातानं वडल्या, एक चाक दगडावर कमरंएवढं वर आन दुसरं मातीला धरून, चढलो की वरपतुर! वडील म्हनले, चौघं मधनंच माघारी फिरले, ही फिरली न्हाय. वर गेल्यावर त्यांनी किल्ली काडून लेकीच्या हातात दिली, आन आता गाडी हिच्या नावावर करायचं कागद करतो म्हनले. आईनं मीठमोहऱ्या घेऊन पोरीची आन जीपची, दोगींची दृष्ट काडली. तीस वर्सं गाड्या दुरुस्त केल्या, सगळे म्हन्त्यात, बिरूनं केली. मी केली असं म्हननारं मानूस माझ्या दारात पहिल्यांदा बघितलं, आन मला राग न्हाय आला, लई बरं वाटलं.

आता काय झालंय, मॅडम सगळं सोताच करत्यात. ग्रीसिंग सोता, ब्रेक सोता, परवा तर क्लचची केबल बदलली. माझ्याकडं येत्यात त्या आईसंगं च्या प्यायला, आन अडलं तर बाकड्यावरच्या मला तोंडानं इचारायला. माझं एक चांगलं गिऱ्हाईक गेलं बघा. जाऊ द्या. असंच हात काळं करत, हसत ऱ्हाऊ दे त्या पोरीला.