घरीच असते

पूजा : ही सही तुमचीच ना, ज्योतिबामामा?

ज्योतिबा : व्हय. इमा कंपनीचा माणूस आलता कवठ्याला. च्या पाजला त्येला.

पूजा : चहा पाजून काय लिहून दिलंत ते वाचते. ‘माझी पत्नी रंगुबाई काही कामधंदा करत नाही, घरीच असते.’ आणि मी इथं सांगलीत तुमच्या नुकसानभरपाईचा दावा लढवतेय.

रंगुबाई : घर? वकीलबाई, आठ म्हैनं आमचं घर घोड्याच्या पाठीवर असतंय. टेम्पोनं मला वाईच्या रस्त्यावर उडवली, तवा काय उंबऱ्यात बसली हुती व्हय मी?

ज्योतिबा : त्येनं इचारलं, बायको कामाला जाती का. दीडशे मेंढरं हायती माझी. माझी बायको दुसऱ्याच्या बांधावर राबती म्हणून सांगू?

रंगुबाई : तसं कसं सांगचाल? पहाटं मेंढरांची जाळी गुंडाळायची मी, भाकरी थापायची मी, तान्ही पिल्लं वटीत घिऊन चार कोस चालायची मी. आन् धनी तुमी.

पूजा : मामा, आता हिशेब ऐका. घरी बसणारी बाई म्हणून कंपनी महिन्याला सहा हजार धरतेय. डॉक्टरांच्या दाखल्यावर पाय चाळीस टक्के अधू, म्हणजे कमाईही चाळीस टक्केच गेली म्हणतात. वर्षाचे अठ्ठावीस हजार आठशे. वय बेचाळीस, म्हणून गुणिले चौदा. झाले चार लाख तीन हजार.

रंगुबाई : चौदा कशापाई? चौदा वर्सांनी पाय बरा हुतुया?

पूजा : नाही. वयावर आकडा ठरलेला असतो. वय वाढलं की आकडा उतरतो.

रंगुबाई : बाजारात मेंढीचं दात बघत्यात तसं. तिथं निदान चार गिऱ्हाइकं तरी येत्यात.

पूजा : ज्याचं पोटच चालण्यावर आहे, त्याची कमाई शंभर टक्के बुडाली असंही कोर्ट धरू शकतं. पण आधी काम होतं हे पटायला हवं. आता रंगुबाईंच्या जागी कोण आहे, मामा?

ज्योतिबा : केरबा ठेवलाय, आन् त्येची बायको. दोगास्नी मिळून अठरा हजार. जेवण आपलं.

रंगुबाई : दोन माणसं. तरी औंदा नऊ पिल्लं मेली.

पूजा : आणि हे मला आत्ता सांगताय? महिन्याचे हे अठरा हजार धरले आणि कमाई पूर्ण बुडाली म्हटलं, तर तीस लाख मागता येतात. सगळे मिळतीलच असं नाही. पण तुम्हाला कोर्टात उभं राहून सांगावं लागेल, की तेव्हा लिहून दिलं ते खरं नव्हतं.

ज्योतिबा : भावकीतली माणसं येत्यात तारखंला. त्यांच्या म्होरं म्हणू, बायको राबत हुती आन् मी ‘घरीच असती’ म्हणून सही केली?

रंगुबाई : भावकीला ठावं हाय की. तुमालाच तेवढं ठावं नव्हतं.

(ज्योतिबा पटका काढून मांडीवर ठेवतो.)

पूजा : लिहू का, मामा?

ज्योतिबा : लिवा.

पूजा : ‘माझी पत्नी रंगुबाई एकवीस वर्षं...’ पुढचं तुमच्या तोंडानं सांगा.

ज्योतिबा : ...कामाला हुती.

रंगुबाई : कुणाकडं, ते बी सांगा.