सुनेचा ओबडाया

नातवाचं नाव कसं ठरलं, ऐका.

आमची सून एमिली अमेरिकन. बाळाला तिच्या पूर्वजाचंच नाव हवं: यॉर्कशायरहून अमेरिकेत शेती करायला गेलेला ओबडाया! इंग्लंडमधल्या चर्चच्या जुन्या नोंदींत तो सापडला, पण तान्हेपणीच वारलेला.

मी खूश. "संपलं! आता माझ्या वडिलांचं नाव, वामन."

"नो बाबा! जहाजात कुणीतरी बसलंच ना?"

पठ्ठीनं पुढची पानं चाळली. गेलेल्या बाळाच्या धाकट्या भावालाही तेच नाव ठेवलेलं!

मी चिडून म्हटलं, "आमच्याकडे मूल गेलं की पुढच्याला धोंडू म्हणतात, दृष्ट लागू नये म्हणून."

"लव्हली! मिडल नेम!"

आता नातू ओबडाया धोंडू साळवी. आणि मधलं नाव बापाचंच समजून अख्खं मराठी मंडळ माझ्या मुलाला धोंडोपंत म्हणतं.