बाजूला ठेवलं होतं, टाकलं नव्हतं

"आई, तिच्या लॅपटॉपमध्ये फालतूचं सामान पडलेलं होतं, सगळं साफ करून टाकलं. तिला पत्ताही लागायचा नाही." हे आमचे हे, रुचिर, स्वयंपाकघरात सासूबाईंना सांगत होते, आणि मी दाराबाहेर रिकाम्या कपांचा ट्रे धरून उभी. तर सासूबाई काय म्हणाव्यात? "लागला तरी काय बोलणारे ती... गाय आहे बिचारी."

तुम्हाला सांगते, मी हबकलेच. गाय म्हटल्यानं नव्हे हो, नव्या सुनेला तेवढं चालतं... ते 'सामान' ऐकून. अहो, ते बाजूला ठेवलं होतं, टाकलं नव्हतं.

मी घरूनच प्रोग्रॅम लिहिते. एका दवाखान्यासाठी नंबर लावायचं पान अर्धं झालं होतं, आज दुपारी दाखवायचं, आणि मध्येच काल साहेबांचा फोन, "मॅडम, वो सब छोड़ो, पहले ये गड़बड़ देख लो." अशा वेळी गिटमध्ये, म्हणजे आमच्या प्रोग्रॅमच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, स्टॅश म्हणून सोय असते, अर्धवट लिहिलेलं सगळं उचलून आत ठेवायचं, समोर स्वच्छ, तातडीचं उरकायचं, की आतलं परत बाहेर. उज्जैनच्या सुनेला हे काय शिकवायचं? महाकालच्या दर्शनाला कुणाचे कोण येतात, स्टेशनवर उतरून फोन करतात, आणि ऑटो दारात येईतो वाळलेले कपडे, इस्त्री, माझं अर्धं भरतकाम, सगळं दिवाणाच्या पोटात. बाजूलाच ठेवतो ना, टाकतो का? पाहुणे आले म्हणून कुणी दिवाण भंगारवाल्याला दिलाय?

आणि हे स्वतः इंजिनियर. मीटिंगपुरता माझा लॅपटॉप घेतला, आणि मीटिंग रटाळ होती म्हणून साफसफाई.

मी आत गेले. "अगं, मशीन हलकी करून दिली तुझी, ते स्टॅशबिश सगळं उडवलं," हे म्हणाले, चेहरा असा, जणू साडी आणलीय. मी घड्याळाकडे पाहिलं. पुसलेलं स्टॅश कधीकधी खोदून निघतं, पण लगेच बसलं तर, आणि तेही नशीब असेल तर...

तेवढ्यात सासूबाई, "केतकी, अनसूयामावशी टावर चौकापर्यंत आल्यात गं, सात जणं आहेत. पोहे भिजव पटकन."

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी ट्रे ओट्यावर ठेवला आणि लॅपटॉपकडे वळले.

"पोहे आज हे करतील, आई. अर्धवट राहिले तर झाकून ठेवा म्हणावं. मी कचरा समजून फेकणार नाही."