इठाबाईचा चार

माझं माहेर शिरूरकडं, सासर हितं कासुर्डीच्या पल्याडच्या वाडीत. दोन्हीकडं मेंढरंच. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणात उतरायचं, पाऊस लागला की माघारी. शाळा कुठली आन् काय. पण काय सांगू तुम्हाला, पाऊस मागंपुढं व्हाया लागला, हीर संक्रांतीलाच तळ दावाया लागली, वाडीत टँकर याया लागला, तवा मालक म्हणलं, आता वरीसभर भाईरच फिरावं लागतंय. माझी पोरगी दुसरीत गेलती. तिला घोड्यावर बसवून न्यायची का शाळंत ठिवायची, ह्योच घोर मला.

त्याच साली एक सर आलं, माळावर चर खोदून पाणी कसं जिरवायचं ते शिकवाया. बाप्यांनी ट्रेनिंगला नावं दिली, मी बी दिलं. सोपान भाऊजी, माझं धाकलं दीर, हसलं. म्हणलं, वैनी, हे मेंढरामागं चालणं न्हाई. पण साक्षरतेच्या वर्गात मी आकडं शिकले हुते, त्याच जोरावर गेले.

काम सोपं हाय बघा. पाण्यानं भरल्याली लांब नळी, दोन टोकांना दोन काठ्या, काठ्यांवर आकडं. दोन्हीकडं पाणी एकाच आकड्यावर थांबलं की दोन्ही जागा सारख्या. तिथं पांढरी फक्की टाकायची आन् त्या रेघंवर खोदायचं, म्हंजी पाणी पळत न्हाई. एका काठीला सर, एकीला मी. सर म्हणलं चार, मी बघितलं, मी बी म्हणलं चार. पण शेजारूनच मेंढरांची जुनी वाट गेल्याली, आन् माझी रेघ तिच्यापासनं खाली सुटल्याली. मेंढरू टेकडीला आडवं चालतं, एका पातळीनं, हे मला जन्मापासनं ठावं. मन म्हणत हुतं, चुकतंय. पण आकडा कसा चुकंल? फक्की टाकत गेले.

दुसऱ्या दिशी बाप्यांनी वीसेक हात खोदला. मला ऱ्हावंना. प्यायच्या कळशीतलं पाणी चरात वतलं, तर ते थांबतंय व्हय, पळालं की खाली, भाऊजींच्या बांधाकडं. पावसात त्यांचा बांध गेलाच असता. बोलावं तर काठी हातातनं जाणार, काम बी थांबंल, आन् चर न्हाईत तर हिरीला पाणी न्हाई, पोरीची शाळा न्हाई. न बोलावं तर भाऊजींचं रान. लई भ्याले. पण बोलले, सर, माझ्याकडनं चुकलं.

सरांनी काठी बघितली. म्हणलं, बाई, ह्यो आठ हाय. काठीवरलं आकडं इंग्रजी! त्यांचा आठ आन् आपला चार, जुळी भावंडंच जणू. सगळी हसली, मला रडू फुटलं. मग सर म्हणलं, पण चुकलंय हे कळलं कसं? मी मेंढरांची वाट दावली. भाऊजी हसायचं थांबलं. त्यांनीच काठी उचलली, माझ्या हातात दिली, म्हणलं, धरा वैनी, आकडा आम्ही वाचतो, तुम्ही वाट बघा.

आता माळभर माझ्या रेघा हायत. हीर चैतापतूर टिकती, एखाद्या साली न्हाई बी टिकत. मालक मेंढरं घिऊन एकटंच जात्यात, आम्ही मायलेकी हितंच. पोरगी औंदा दहावीला हाय. दौंडाकडनं बाया शिकाया येत्यात, त्यांना मी आधी त्यो वीस हाताचा चर दावते, खालचं तोंड दगडमातीनं बांधल्याला. लोक त्याला चर म्हणत न्हाईत, इठाबाईचा चार म्हणत्यात. भाऊजी दर साली इचारत्यात, बुजवू का वैनी? मी म्हणते, ऱ्हाऊ द्या. माझी शाळा तेवढीच हाय.