मैनाबाईचं पहिलं नाव

या मंडळी, जवळ सरका, गोष्ट सांगतो. कीर्तनाला निघालो होतो. अकोल्याच्या स्टँडवर शेजारी आजी-नात बोलत होत्या.

“आजी, सासरचे माह्यं नाव बदलून राहिले. नाही म्हटलं तर लगन मोडतो म्हणतात.”

“बदलू दे नं वं, आकांक्षा. माह्यंही ताटातल्या तांदळावर मैना लिवलं होतं.”

“त्याच्याआधी काय होतं?”

“आधी... थांब.”

“आजी?”

“त्या नावानं हाक मारनारे सारे गेले वं. आठवूनच नाही राहिलं.”

“सोताचं नाव?”

“हो वं माय... लाव फोन नवरदेवाले. सांग, आकांक्षाच राहीन. मोडलं तर मोडलं.”

मंडळी, आज नामस्मरणाला बसाल तेव्हा त्या माउलीलाही आठवा. कोणत्या नावानं, ते मात्र मला विचारू नका.