मोटर किंचाळेपर्यंत

इटलीतल्या बोलोन्यात कानाच्या डॉक्टरकडे माझ्यासमोर एकाच कारखान्याचे निळे डगले घातलेली दोघं बसली होती. पांढऱ्या मिशांचा लेआर्को आणि त्याच्यासोबत काम करणारी निवेस.

"माझे कान ठणठणीत आहेत, निवेस. उगाच आणलंस."

"आलोच आहोत, तर घे तपासून."

"अगं, तीस वर्षं मोटरी कानानंच जुळवतोय मी. मोटरीला हुकूम देणाऱ्या ड्राइव्हवर भाराच्या जडत्वाचा आकडा चढवत जायचा, मोटर किंचाळली की दोन पायऱ्या खाली यायचं. झालं काम."

"आणि हल्ली?"

"हल्ली कुठे किंचाळतात! नव्या मोटरी गुणी आहेत. परवा तोर्तेल्लिनीत सारण भरायच्या यंत्रावर केवढा आकडा चढवला, तरी हूं की चूं नाही."

"किंचाळतात त्या, लेआर्को."

"मग वर्षभरात एकाही गिऱ्हाइकाची तक्रार कशी नाही?"

"तू घरी गेलास की आकडा मी खाली आणते. प्रत्येक यंत्राचा."

"वर्षभर? आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना. तिथेच, यंत्रापाशी, तुझ्या मागे उभी राहून. तीनदा."