साळूबाईचा जोंधळा

माझी पत्नी कुसुम गेली. तेराव्याच्या आदल्या दिवशी घरातलं जोंधळ्याचं बियाणं गिरणीत दळलं गेलं. त्याच्या भाकरी झाल्या. मीही दोन खाल्ल्या.

काय सांगू तुम्हाला, ते बियाणं आमच्या घरात माझ्या पणजीपासूनचं, साळूबाई तिचं नाव, माहेर सुप्याकडचं, आणि पळसदेवच्या या अंगाला तिला दिली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची असेल. मी शाळामास्तर. निवृत्त झाल्यावर घराण्याची वंशावळ लिहायला घेतली, तलाठ्याकडचे जुने उतारे काढले, पाच पिढ्यांचे पुरुष ओळीनं मांडले आणि कौतुकानं कुसुमला वाचून दाखवले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, मास्तर, तुमच्या घराण्यात गडीच बाळंत व्हायचे काय? मग तिनं मला साळूबाई सांगितली. तिला माझ्या आईनं सांगितलेली, आईला आजीनं, सासूनं थोरल्या सुनेला. मी त्याच घरात जन्मलो आणि मला ठाऊक नव्हतं.

साळूबाईच्या लहानपणी दुष्काळ पडला, लोकांनी पाला उकडून खाल्ला. तिच्या आईनं बियाणं राखेत घालून, मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून चुलीमागं ठेवलं होतं. साळूचा धाकटा भाऊ मडक्याकडं बोट दाखवून रडायचा, आणि आई म्हणायची, बाळा, ते खाल्लं तर म्होरं काय पेरायचं? तो पोरगा गेला. मडकं उघडलं नाही. पुढं पाऊस झाला, तेच पेरलं, आणि त्या पिकातलं ओंजळभर साळूच्या लग्नात तिच्या पदराला बांधून आई म्हणाली, हे खायाचं न्हाय, हे तुझ्या भावाच्या वाटणीचं हाय.

ते कुसुमपर्यंत आलं. आमच्या रानात आता सगळा ऊस, पण बांधाकडेच्या चार ओळी तिच्या. उभ्या पिकात फिरून ती बियाण्याची कणसं हेरायची, मला हाक मारायची, या हितं, दाणा बघा, मान कशी वळलीय बघा, शिकून घ्या. मी म्हणायचो, पुढच्या वर्षी. दर वर्षी मी पुढच्या वर्षी म्हणालो.

शांता, माझ्या धाकट्या भावाची बायको, तिनं कुसुमचं बियाण्याचं मडकं उघडलं. घरात पाहुणे मुक्कामाला. तिला वाटलं, आक्कांनी एवढं निवडून ठेवलंय ते अशाच वेळेला. मोरीजवळ बसून तिनं राख पाखडली, पाटी डोक्यावर घेतली आणि माझ्यासमोरून गिरणीला गेली. मी ओसरीवर बसलो होतो. पाटी पाहिली. पाटीत काय आहे, ते विचारलं नाही.

पंगतीत सगळे म्हणाले, भाकर लई ग्वाड हाय. मीही म्हणालो. मग विचारलं, शांता, जोंधळा कुठला गं? ती म्हणाली, मडक्यातला, भावजी. घास तोंडात होता. मी तो गिळला. नंतर तिला सगळं कळलं तेव्हा ती उंबऱ्यावर येऊन बसली, म्हणाली, भावजी, मला शिव्या तरी द्या. पण ठाऊक मला होतं, तिला नव्हतं. शिव्या कुणाला द्यायच्या?

पेरणी पंधरा दिवसांवर होती. मी सुप्याकडं साळूबाईच्या माहेरच्या घरी जाऊन आलो. त्यांनी चहा पाजला. साळूबाई त्यांना माहीत नाही. पेरतात ते दुकानातलं.

दिवाळीच्या आसपास शांताच ओरडत आली, भावजी, मोरीकडं चला. राख पाखडली होती तिथं जोंधळ्याची चार ताटं उगवून गुडघ्याएवढी झाली होती. ती म्हणाली, त्योच हाय, राखंतनं दाणं सांडलं असतील. मी म्हणालो, अगं, कुसुम इथंच चिमण्यांना दुकानातला जोंधळा टाकायची. शांता म्हणाली, मास्तर झाला म्हणून परत्येक गोष्टीत चूकच काढायची व्हय? किती दिवसांनी मी हसलो.

आता पौष चालू आहे. कणसांत दाणा भरला आहे. मान थोडी वळली आहे, पण किती वळायला हवी ते मला माहीत नाही. रोज सकाळी मी तिथं जाऊन उभा राहतो, आणि वाटतं, मागून हाक येईल, बघितलं का, मास्तर?

मोरीजवळ चार ताटं आहेत. चिमण्या बसू नयेत म्हणून शांतानं कणसांना कुसुमच्या पातळाचे तुकडे बांधले आहेत. तो साळूबाईचा जोंधळा आहे की नाही, ते ओळखणारं घरात कुणी नाही. मडकं मी धुऊन ठेवलं आहे.